मी बंद पडलो, बरं केलं

मी पॉवर सप्लाय बोलतोय. हो, तोच. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात बसवलेला काळा, चौकोनी, जड ठोकळा. भिंतीतली वीज आधी माझ्याकडे येते. मी ती पोटात घेतो, सरळ करतो आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढी वाटतो. स्क्रीनवर चित्र झकास दिसलं की लोक म्हणतात, "वा, काय कार्ड आहे!" काही बंद पडलं की म्हणतात, "पॉवर सप्लाय गेला वाटतं." आमचं नाव निघतं ते फक्त शिव्या घालायला.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी इथे माफी मागायला बसलेलो नाही. फेब्रुवारी संपता संपता, सालवडच्या एका खोलीत, ऐन कामाच्या वेळी मी तीनदा बंद पडलो. तिन्ही वेळा मुद्दाम. लोक काय वाट्टेल ते बोलले. बोलू देत.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. ते खोकं माझ्या पहिल्या मालकाच्या आईने सोडे भरून ठेवायला घेतलं, त्यामुळे तो पुरावाही गेला. पहिला मालक म्हणजे सातपाटीचा दर्पण. कोळ्यांचं घर, घरची बोट, पण या गड्याचं सगळं लक्ष कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये. खिडकीबाहेर बांबूंवर बोंबील वाळत असायचे आणि आत हा तोफा उडवत बसायचा. समुद्रावरची खारी हवा माझ्या पंख्यातून सतत जायची. त्या हवेने लोखंडी गज खाल्ले, मला नाही खाल्लं.

त्याची आई नलू केर काढताना थांबून विचारायची, "दर्पण, ह्या डब्यात काय हाय रे? नुसता घू घू करतो. बाकीच्यांना रंगीत लाइट हाय, ह्याला साधा लाइट पण नाय."

"आई, त्या सगळ्यांना लाइट हाच देतो," दर्पण म्हणायचा.

एवढं कौतुक मला पुढे कोणी केलं नाही, म्हणून लक्षात आहे.

दर्पण जहाजावर नोकरीला लागला आणि जाता जाता मला बोईसरला जितेशच्या दुकानात देऊन गेला. जितेश कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो आणि दिवसभर फोनवर बोलतो. त्याने मला सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या कीबोर्डांच्या शेजारी ठेवलं. नऊ महिने मी तिथे धूळ खात पडलो. वरच्या फळीवर नवे आले, विकले गेले, पुन्हा नवे आले. त्यातले निम्मे इतके हलके होते की पंखा लावला तर फळीवरून सरकले असते. पण अंगावर चमचमते दिवे आणि खोक्यावर मोठमोठे आकडे! माझा जीव नुसता जळायचा.

मग जानेवारीत प्रतीक्षा आली. बरोबर तिचे वडील, झुंबर.

प्रतीक्षा तेवीस वर्षांची. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर उभी राहते, तीन पाळ्यांत. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. पाय सुजतात, झोपेचं खोबरं होतं. या सगळ्यातून वेळ चोरून ती फोनवर बघून बघून थ्रीडी ॲनिमेशन शिकली होती. आणि आता तिला पहिलं खरं काम मिळालं होतं. कारखान्यांत सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेला मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहासाठी चार मिनिटांची फिल्म हवी होती. ती वेळेत आणि नीट झाली तर पुढच्या तीन फिल्म तिलाच. म्हणजे पॅकिंग लाइन सुटली. नाही झाली, तर पुन्हा तीच लाइन, तेच सुजलेले पाय. तिने साठवलेल्या पैशांतून नवं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर घेतला होता. राहिल्या होत्या दोनच गोष्टी. त्यांना थंड ठेवणारा कूलर आणि त्यांना पोसणारा पॉवर सप्लाय.

जितेशने लगेच दिवेवाल्याला काउंटरवर ठेवलं. "हा घे ताई. साडेआठशे वॉट. एकदम टॉप."

झुंबरने त्याला हातात घेतलं, वरखाली केलं आणि परत ठेवलं. "यात काय भरलंय? हवा?"

"काका, खोक्यावर बघा ना, साडेआठशे लिहिलंय."

"खोक्यावर कायबी लिहितेत. आमच्याकडं ड्रमवर पन लिहिलेलं असतं."

झुंबर बीडकडचा. बावीस वर्षं रंगाच्या कारखान्यात रिॲक्टर चालवतो. रिॲक्टर म्हणजे माणसापेक्षा उंच बंद टाकी. तिच्यात रसायनं तापवायची, आणि फार तापली की थंड करायची. त्या माणसाला गरम आणि थंड यातलं कोणी काही शिकवायला जाऊ नये. पण जितेशला ते कुठे माहीत! त्याने पाण्याने थंड करणारा कूलर काढला. काचेची टोपी, दोन रबरी नळ्या, निळा प्रकाश.

"यात पंप हाय का?" झुंबरने विचारलं.

"आहे ना काका! पंपच तर पाणी फिरवतो."

"आन् ह्या पंपाला स्टँडबाय कुठंय?"

"स्टँडबाय?"

"आमच्याकडं दोन पंप असतेत. एक बसला तर दुसरा उचलतो. ह्याचा बसला तर?"

जितेशने कूलर परत खोक्यात घातला. मी खालच्या फळीवर असा खूश झालो म्हणून सांगू! प्रतीक्षा हसली आणि तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कार्डाला किती, प्रोसेसरला किती, बाकीच्यांना किती, सगळं मांडून तिची बेरीज चारशे वॉटपर्यंत जात होती. "मला साडेआठशेचा आकडा नको, जितेशदादा," ती म्हणाली. "मला खरे सहाशे देणारा हवा. दिवसभर, न थकता. आणि आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला माहीतच आहे."

तिने वाकून खालच्या फळीवरून मला काढलं. हात खाली गेला तिचा, एवढा मी जड. माझ्यावर साडेसहाशे लिहिलंय आणि ते खरं आहे. तिने जितेशला मला तासभर पूर्ण ताणावर चालवायला लावलं आणि समोर स्टुलावर बसून राहिली. मी हूं की चूं केलं नाही. मग तिने साधा हवेचा कूलर निवडला. तांब्याच्या सहा नळ्या, वर पात्यांचा मनोरा, शेजारी वीतभर पंखा. दिसायला ओबडधोबड, पण इमानदार. दिवेवाला काउंटरवरच राहिला. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

बोईसरच्या कारखान्यांना लागून असलेल्या सालवडला त्यांची पत्र्याची खोली. आई मैनाबाई दाराशी शिलाई मशीन घेऊन बसते, आत टेबलावर आम्ही. पहिला महिना झकास गेला. प्रतीक्षा ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन सरळ खुर्चीत. टाक्या, नळ, पायऱ्या, माणसं, एकेक करून तिने अख्खा कारखाना स्क्रीनवर उभा केला. मधून मधून झुंबर मागे येऊन बघायचा. "व्हॉल्व्ह उलटा बसवलास," एवढंच बोलायचा आणि निघून जायचा.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. सालवड आणि शेजारच्या सरावलीत वारा कारखान्यांकडून फिरला की पटापट खिडक्या लागतात. कसला वास, कोणी विचारत नाही. देवापुढची पितळेची समई घासून ठेवली तरी आठवड्यात काळी पडते. झुंबरच्या डोक्यात आलं, पितळेचं हे होतं तर या मशीनमधल्या तांब्याचं काय होईल? पोरीने घाम गाळून घेतलेली वस्तू! मग त्याने काय करावं? कारखान्यातल्या फिल्टर प्रेसचं वापरून टाकून दिलेलं कापड धुऊन आणलं. रंगाचा लगदा त्यातून गाळतात, पाणी खाली जातं आणि रंग वर राहतो. असं जाडजूड कापड. मैनाबाईने त्याची झकास खोळ शिवली, कडेला नाडीसुद्धा लावली. रविवारी ती खोळ आमच्या अंगावर चढली.

"पप्पा, हवा कुठून जाणार?" प्रतीक्षाने विचारलं.

"त्यातून आमचं पाणी जातं, मग हवा जाणार न्हाई व्हय? गाळून जाईल उलट."

अहो, तिथे मागून पंप ढकलतो, म्हणून पाणी जातं! माझ्याजवळ आहे काय, तळहाताएवढा पंखा! मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. बाप इतक्या मायेने सांगतोय म्हटल्यावर प्रतीक्षाही पुढे बोलली नाही. माया असली म्हणून हवा जाते असं थोडंच आहे?

सोमवारी तिने चार दिवसांची रजा घेतली आणि रेंडर लावलं. रेंडर म्हणजे तिने मांडलेलं सगळं मशीनने एकेक चित्र करून रंगवायचं. सेकंदाला चोवीस चित्रं, अशी चार मिनिटं. आमच्या दृष्टीने ते म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन साठ तास डोंगर चढणं. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत फिल्म पाठवायची होती. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट जाणार असल्याचा निरोप आधीच आला होता.

सोमवारी दुपारी तीन वाजता पत्रा तापला. खोळीच्या आत माझाच उष्मा माझ्याच नाकात परत येऊ लागला. माझ्या पोटात एक छोटी चकती आहे. ठराविक गरमीच्या वर गेलं की तिचा संपर्क सुटतो आणि मी सगळ्यांची वीज तोडतो. कार्ड वाचतं, प्रोसेसर वाचतो, घरही वाचतं. मी तोडली. स्क्रीन काळी.

"अरे देवा!" प्रतीक्षा ओरडली.

तासाभराने गार झाल्यावर मी सुरू झालो. मंगळवारी पुन्हा तसंच. बुधवारी सकाळी अकरालाच. तिसऱ्या वेळी ती ओरडली नाही, नुसती डोकं धरून बसली. अजून दहा तासांचं काम बाकी होतं आणि मशीन पुन्हा कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. तिने जितेशला फोन लावला, स्पीकरवर.

"मी सांगत होतो नवा घे," जितेश म्हणाला. "तो जुना पॉवर सप्लाय कट मारतोय. आता असं कर, काकांना दे फोन. काका, त्याचं झाकण खोला. आत एक चकती आहे, तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका. मग कट मारणार नाही. पहिल्यांदा प्लग काढून ठेवा म्हणजे झालं. सगळे करतात हो!"

म्हणजे झालं म्हणे! प्लग काढल्यावरही मी पोटात किती वीज साठवून असतो ते त्या शहाण्याने सांगितलं नाही. आणि त्या तारा जोडल्या असत्या, तर मी बंद पडलो नसतो हे खरं. जळालो असतो. माझ्याबरोबर तिचं कार्ड, तिची फिल्म आणि पत्र्याखालची ती खोली.

झुंबर रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. त्याने खोळ वर सरकवली, मला डब्यातून बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. स्क्रू ड्रायव्हर हातात. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. मी त्याला चटका देत होतो, तेवढंच माझ्या हातात होतं.

"पप्पा, ती चकती कशासाठी असते?" प्रतीक्षाने विचारलं.

"ट्रिप हाय ती," तो मान वर न करता म्हणाला. "गरम झालं की कट मारते. बायपास केली की मधी येत न्हाई."

"म्हणजे तापलं तरी थांबणार नाही. माझ्या फिल्ममधल्या तिसऱ्या सीनसारखं," ती म्हणाली. "भगवंतकाकांचा."

स्क्रू ड्रायव्हर चौथ्या स्क्रूवर थांबला.

भगवंत म्हणजे झुंबरच्याच रिॲक्टरवरचा दुसरा ऑपरेटर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाळीत टाकी भलतीच तापली, झाकणाची फट उघडली आणि गरम लगदा त्याच्या अंगावर उडाला. उजवा हात कोपरापासून खाली भाजला, बोटं एकमेकांना चिकटली. चौकशीत लिहिलं गेलं की ऑपरेटरने दुर्लक्ष केलं. तेव्हापासून तो घरी. संस्थेने दिलेल्या गोष्टीत तोच प्रसंग नाव बदलून घातला होता. तिसऱ्या सीनमध्ये ऑपरेटर खुर्चीत पेंगतो, दिवा लाल होतो, आणि मग स्फोट. प्रतीक्षाने तो तसाच काढला होता. ते रंगवायचंच काम चालू होतं.

"तो पेंगत नव्हता," झुंबर म्हणाला.

मैनाबाईचं मशीन थांबलं.

"आमचीबी ट्रिप सारखी कट मारायची. बॅच मागं पडत होती. सायब म्हनला, किल्ली फिरव, ट्रिप बायपास कर, संध्याकाळी बघू. मी फिरवली. या हातानं. पाळी बदलली तवा भगवंत आला. त्याला सांगायचं होतं का ट्रिप बंद हाय, डोळा ठिव. पन खाली शिफ्टची बस हॉर्न वाजवीत होती. मी पळालो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्याला वाटलं ट्रिप चालू हाय. तापलं तर आपोआप बंद पडंल. ते बंद पडलंच न्हाई."

"आणि चौकशीत?" प्रतीक्षाचा आवाज बदलला होता.

"सायबानं किल्ली सरळ केली हुती तवर. मला कुनी इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

ती त्याच्या गळ्यात पडली नाही की रडली नाही. खरं सांगू? मला ती त्या क्षणी फार आवडली. तिला राग आला होता आणि तिने तो लपवला नाही. "दोन वर्षं, पप्पा! दर दिवाळीला आपण त्यांच्याकडे फराळ घेऊन जातो. दोन वर्षं तुम्ही त्यांच्यासमोर बसून चहा पिता!"

"हो."

"आणि मी त्यांना पेंगताना दाखवलंय."

"पाठीव तसंच," झुंबर हळूच म्हणाला. "तुझं काम जाईल न्हाईतर. मी कायबी करतो, तू पाठीव."

"माझ्या कामाचं मला सांगू नका. ती किल्ली कशी दिसते ते सांगा. काढून दाखवा." तिने कागद आणि पेन त्याच्यासमोर आपटलं.

त्याने मला मांडीवरून खाली ठेवलं आणि कागद ओढला. किल्ली, तिच्याखालची पट्टी, शेजारचा दिवा, सगळं काढलं. प्रत्येक रेघ बरोबर जागी पडत होती. ते झाल्यावर त्याने ते तीन स्क्रू पुन्हा माझ्या अंगात घट्ट पिळले.

"आन् ह्याचं काय?" मैनाबाई उठून आली होती. तिने माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि झटकन काढला. "अगं बाई! तव्यावानी तापलाय की! अवो, त्याला खोळीत कोंडलंय आपुन, जीव गुदमरतोय त्याचा."

झुंबरने खोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "तिथं मागून पंपाचा दाब असतो. हितं कुठनं येनार दाब? बावीस वर्सं हेच केलं आन् एवढं कळंना मला!"

"मीच शिवली, मीच उसवते," म्हणत मैनाबाईने कात्री आणली.

एकदाचं सत्य बाहेर आलं! ना माझा दोष, ना माझ्या वयाचा. पंखे ब्रशने झाडून, पाठ मोकळी करून मला परत डब्यात बसवलं. दार उघडं, खिडकी उघडी, आणि वास सुटला तरी ती लावायची नाही असं मैनाबाईने जाहीर केलं. त्या दिवशी अख्खी चाळ नाक धरून बसली होती, आमची खिडकी मात्र सताड उघडी.

पण आता काम वाढलं होतं. तिसरा सीन नव्याने मांडायचा आणि सगळा पुन्हा रंगवायचा. वेळ तेवढाच. एकीकडे जुनं काम रंगवायला लावून प्रतीक्षाने दुसरीकडे नवा सीन बांधायला घेतला. मशीनवर दुप्पट ओझं आलं. झुंबर शेजारी स्टुलावर बसून सांगत होता, ती मांडत होती. दोघं कामापुरतंच बोलत होते. मी माझ्या आयुष्यात एवढा सलग कधी राबलो नाही. दुपारी पत्रा तापला, मीही तापलो, पण अंगावरून वारा जात होता. चकती जागेवर होती. मी बंद पडलो नाही, कारण बंद पडायचं कारण नव्हतं. एवढं साधं आहे ते.

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला फिल्म गेली. सव्वासहाला संस्थेच्या राजनंदिनी मॅडमचा फोन आला.

"प्रतीक्षा, हा किल्लीचा सीन आपल्या स्क्रिप्टमध्ये नव्हता."

"घडलं तसं दाखवलंय, मॅडम. हवं तर फिल्मवरून माझं नाव काढा. सीन काढू नका."

"घडलं तसं? हे कोण सांगतं?"

प्रतीक्षाने बापाकडे पाहिलं, पण फोन पुढे केला नाही. त्यानेच हात पुढे करून घेतला. "मी सांगतो, मॅडम. किल्ली फिरवनारा मीच. झुंबर नाव माझं. लिहून देतो, सही करून देतो. कुठं यायचं?"

पुढचं थोडक्यात सांगतो. मॅडमनी सीन ठेवला. झुंबरच्या कारखान्याने ती फिल्म लावायला नकार दिला. बाकीच्या सात ठिकाणी लागली. झुंबरने कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला, आणि दुसऱ्याच दिवशी गेटवर त्याला आत सोडलं नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. भाऊबंद फोन करकरून विचारतात, कुठून ही अवदसा आठवली? तो एकच उत्तर देतो, "दोन वर्सं आधी आठवायला हवी हुती." प्रतीक्षाने पॅकिंग लाइनचा राजीनामा दिला. दुसऱ्या फिल्मचं काम सुरू आहे आणि घर सध्या तिच्यावर चाललंय. म्हणजे माझ्यावरही, हे मी मोठ्याने म्हणून ठेवतो.

काल दुपारी भगवंत आला. झुंबरच्या जबाबाची बातमी त्याच्यापर्यंत गेली होती.

झुंबर उठून उभा राहिला आणि तसाच राहिला. मैनाबाईने खुर्ची दिली, चहा ठेवला. भगवंतने डाव्या हाताने कप घेतला. एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला.

"झुंबरभाऊ, त्या दिवशी सांगायला किती वेळ लागला असता?"

"तीन शब्द हुते," झुंबर म्हणाला. "ट्रिप बंद हाय म्हनायचं राहिलं."

भगवंतने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि झुंबरनेही माफी मागितली नाही. मग तो प्रतीक्षाकडे वळला. "लाव गं ती फिल्म."

तिने लावली. एक हात येतो, किल्ली फिरवतो, घाईने निघून जातो. दुसरा माणूस येतो, दिव्याकडे नीट बघतो, आकडे बघतो, कामाला लागतो. ताठ उभा असतो तो. भगवंत खुर्चीतून पुढे झुकला. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." तिने परत लावली. तिसऱ्यांदाही लावली. दोन वर्षं या माणसाचं कोणी ऐकलं नव्हतं, मग मी कशाला घाई करू? फिल्म दाखवणं म्हणजे माझ्यासाठी काहीच काम नाही.

"उद्या माझ्या उन्नतीला आनतो," शेवटी तो उठत म्हणाला. "बारा वर्सांची हाय. शाळेत पोरी म्हनतेत, तुझा बाप ड्युटीवर झोपला हुता. तिला पन तसंच वाटतं. माझ्याशी धड बोलत न्हाई."

तर मी असा आहे आणि इथे आहे. वरचा रंग उडालाय, एका कोपऱ्याला पोचा आहे, अंगावर एक दिवा नाही. तुमच्या घरातलं एखादं यंत्र बंद पडलं, तर शिव्या घालायच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा, एवढंच मागणं आहे. ते काही सांगत असेल. आणि त्याचं तोंड बंद करायला कोणी दोन तारा जोडायला निघाला, तर त्याचा हात धरा.

मला आता गप्प बसलं पाहिजे. सकाळचे दहा वाजलेत, मैनाबाईने खिडकी उघडलीय, पंखा साफ आहे. दाराशी भगवंत आलाय, त्याच्या मागे दोन वेण्या घातलेली मुलगी चपला काढतेय, बापाकडे न बघता. ये, उन्नती. बस त्या खुर्चीत. चार मिनिटांची फिल्म आहे, आणि तू म्हणशील तितक्या वेळा मी ती तुला शेवटपर्यंत दाखवणार आहे.